खोटं खोटं जमवलं, आता मोडायचं कसं?

कृष्णाकाठची · ४ जानेवारी

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा काढायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी वाईची. दहावी २००९, मग पुणे, इंजिनिअरिंग, हिंजवडी, सगळं रीतसर. वय ३१. गेल्या जूनमध्ये बाबांची बायपास झाली म्हणून लॅपटॉप उचलून घरी आले, ती आजतागायत इथेच. पुण्यात इतकी वर्षं राहिले, पण लग्नाचं विचारणारा एक शेजारी भेटला नाही. वाईत पहिल्याच आठवड्यात दूधवाल्याने विचारलं.

आत्या बाबांना बघायला म्हणून मुंबईहून आली आणि राहिली. तिच्या फोनमध्ये बायोडेटांचा वेगळा ग्रुप आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर सात स्थळं येऊन गेली. पोहे आई करायची, 'मुलीने केलेत' असं आत्या सांगायची. सातव्या वेळी मुलगा लाजाळू असल्यामुळे सगळे प्रश्न त्याच्या मेव्हण्याने विचारले. मेव्हणा बरा होता, पण त्याचं लग्न झालेलं होतं.

दिवाळीच्या आधी आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिका छापायला प्रेसमध्ये गेले. काउंटरवर आमच्या दहावी ब मधला एक जण. शाळेत मी त्याच्याशी दोनच वाक्यं बोलले असेन आणि त्यातलं एक 'वही दे' होतं. वडिलांचा छापखाना आता तोच बघतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं. प्रूफ दाखवलं त्यात 'आपले आशिर्वाद हाच आहेर'. म्हटलं, शी दीर्घ हवी. तो म्हणाला, "दीर्घ छापलं की गिऱ्हाईक चूक झाली म्हणून पैसे कापतं. ऱ्हस्वच चालतो इथं." मी हसले. ऑगस्टपासून पहिल्यांदा हसले असेन.

त्याच रात्री जेवताना आत्या म्हणाली, "मनात कोणी असेल तर आत्ता सांग, नाहीतर रविवारी सांगलीचे येतायत." मी म्हटलं, आहे. "कोण?" चार महिन्यांत माझ्या वयाच्या ज्या एकाच पुरुषाशी मी पोहे सोडून दुसऱ्या विषयावर बोलले होते, त्याचं नाव तोंडातून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला प्रेसचं शटर वर होताना मी दारात. सगळं सांगितलं. त्याने कागदाचं रीम खाली ठेवलं आणि डिलिव्हरीची तारीख विचारावी तसं विचारलं, "किती दिवसांसाठी?" आजीचा कार्यक्रम होईपर्यंत, म्हटलं. "चालेल. आईलापण तेच सांगू का? अकरा ठिकाणांहून नकार आलाय, ती उपास धरून बसलीय."

फार काही करावं लागलं नाही. दोनदा त्याच्या गाडीवर मेणवलीच्या घाटापर्यंत, एकदा स्टँडजवळ उसाचा रस. बाकीचं गावाने केलं. आम्ही न गेलेल्या ठिकाणीसुद्धा लोकांनी आम्हाला पाहिलं. पाचगणीला म्हणे आम्ही स्ट्रॉबेरी क्रीम खाल्लं. त्या दिवशी मला ऑफिसच्या सलग पाच मीटिंग होत्या.

कार्यक्रम डिसेंबरात झाला, म्हणजे मुदत संपली. आता खरी अडचण. त्याच्या आईने आमच्याकडे ओल्या हळदीचं लोणचं पाठवलं. डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून माझ्या आईने त्यात चकल्या घालून दिल्या. मग तिकडून शेंगदाण्याची चटणी, इकडून बेसनाचे लाडू. आत्तापर्यंत अकरा फेऱ्या झाल्यात. डबा कोणाचा हेसुद्धा आता कोणाला आठवत नाही. आमची जात वेगळी आहे, त्यावरून दोन्ही घरांत भांडण होईल आणि आपोआप मोडेल अशी आमची आशा होती. पण दोन्ही आया आधी डब्यातूनच भेटल्या, त्यामुळे भांडायला जागाच राहिली नाही. आत्या तेवढी फुरंगटून मुंबईला गेली.

कोणाचं मन न दुखवता हे कसं मोडायचं? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी खरं सांगा. 'प्रेमात पडलात' वगैरे नको, प्लीज.

खडूस_पुणेकर · ४ जानेवारी

कथाविभाग बाजूला आहे. धागा हलवावा ही संपादकांना विनंती.

बोरिवली_स्लो · ४ जानेवारी

अकरा फेऱ्या!! फुल्या मारून ठेवा, तेराव्याला साखरपुडा.

ऱ्हस्वदीर्घ · ४ जानेवारी

धागाकर्तीचं म्हणणं बरोबर. 'आशीर्वाद' हा तत्सम शब्द आहे, शी दीर्घच. बाकी विषयावर माझं काही मत नाही.

सावजी_रस्सा · ५ जानेवारी

अरे बाप्पा! तुमी मोडाच्या गोष्टी करून रायल्या अन् इकडं आमी वाचता वाचता आहेर काय द्याचा ते पाहून रायलो.

एडिसनची_मावशी · ५ जानेवारी

आमच्या मिरजेत १९८७ साली माझ्या मैत्रिणीने असंच केलं होतं. तेव्हा फोनसुद्धा नव्हता घरी. वर्गातल्या एका मुलाला म्हणाली, महिनाभर माझ्या घराच्या कोपऱ्यावर सायकल घेऊन उभा राहा, म्हणजे वडील घाबरून कॉलेज बंद करणार नाहीत, उलट 'शिकू दे, नाहीतर पळून जाईल' म्हणतील. तिचा हिशेब बरोबर निघाला, बीएस्सी पूर्ण झालं. तो मुलगा पुढे दुबईला गेला, हिचं लग्न कोल्हापुरात झालं. पण तिच्या नवऱ्याला लग्नानंतर बारा वर्षांनी कोणीतरी सायकलवाल्याची गोष्ट सांगितलीच. बारा वर्षांनी!

अबोली_७४ · ५ जानेवारी

मी हसत हसत वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले. मावशींच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहितेय.

माझं गाव कोकणातलं, तालुक्याचं ठिकाण, वाईहून लहान. बारावीनंतर मीही एका वर्गमित्राबरोबर असंच ठरवलं होतं. कारण तुमच्यापेक्षा साधं, एक मुलगा मागे लागला होता आणि 'हिचं जमलंय' कळलं की तो नाद सोडेल असं वाटलं. त्याने नाद सोडला, पण गावाने धरला. तीन महिन्यांनी आम्ही 'मोडलं' तेव्हा त्या मित्राला कोणी काही विचारलं नाही. उलट त्याची पत वाढली. माझ्या आईला मात्र हळदीकुंकवाला जाणं नकोसं झालं. लायब्ररीत पुस्तक बदलायला गेले की मागे कुजबुज. मी ज्या क्लासमध्ये शिकवायचे तिथल्या सरांनी 'पालक विचारतात' म्हणून मार्चनंतर येऊ नकोस सांगितलं. नाटकात काम दोघांचं सारखं होतं, बिल एकटीच्या नावावर फाटलं.

तो वाईट मुलगा नव्हता. त्याला हे कधी कळलंच नाही, एवढंच. आज त्याच्या मुलीचे फोटो बघते तेव्हा वाटतं, आता कळत असेल.

कृष्णाकाठची, तुम्ही ३१ च्या आहात, कमावत्या आहात, पुणं दोनेक तासांवर आहे. म्हणून तुम्हाला मोडणं परवडेल. तरी मोडायचं असेल तर त्याला पुढे होऊ द्या. नकार त्याच्याकडून आला असं कळू दे. आणि तो त्याला तयार आहे का ते आधी विचारा. त्याच्या उत्तरावरून तुम्हाला बरंच कळेल.

खडूस_पुणेकर · ५ जानेवारी

अबोली, वरचा प्रतिसाद मागे घेतो.

माढ्याचा_शेतकरी · ६ जानेवारी

सगळे ताईंच्या बाजूनं लिहितायत, मी त्या प्रेसवाल्याच्या बाजूनं लिहितो. अकरा नकार म्हणजे काय ते नकार आलेल्यालाच कळतं. डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या सोलापुरात पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा घेऊन गेली, लग्नाला मुली मिळंनात म्हणून. टीव्हीवर लोक हसले. मी गर्दीत होतो, मला हसू आलं नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या. दहा वर्षं आधी ९१३. ती पोरं आता लग्नाला येतील. म्हणजे अजून पुढं आहे.

स्थळ बघायला गेलं की पहिला प्रश्न 'पुण्यात फ्लॅट?' शेती असली तर दुसरा प्रश्न येतच नाही. प्रेस म्हणजे तरी काय, गावातच राहणार ना. तुम्ही 'मुदत संपली' म्हणून पुण्याला जाल. त्याच्या आईचा उपास तुमच्या नावानं सुटला, तो परत कोण धरणार? बारावं स्थळ 'याचं आधी एक प्रकरण होतं' म्हणून दारात येणार नाही. नकार त्यानं द्यावा हे अबोलीताईंचं म्हणणं पटतं, पण मग नावं त्याला ठेवतील. दोन्हीकडनं घाटाच आहे. वाईट वाटून घेऊ नका.

कृष्णाकाठची · ६ जानेवारी

वाईट वाटलं. पण बरोबर आहे. मी त्याच्या बाजूने विचारच केला नव्हता, मला वाटलं होतं फायदा समान आहे.

अबोली, विचारलं. नकार तू देशील का म्हटलं. तो म्हणाला, "देतो की. कारण काय सांगू?" मी म्हटलं, सांग की मुलगी आगाऊ आहे. तो म्हणाला, "ते तर वर्गात सगळ्यांनाच माहितीय, त्यावर कोण विश्वास ठेवंल." मग मशीन सुरू केलं. पुढचं काही ऐकू आलं नाही.

सावजी_रस्सा · ६ जानेवारी

मशीन मुद्दाम सुरू केली त्यानं. लिहून ठेवा.

बोरिवली_स्लो · २ फेब्रुवारी

काय झालं पुढे? डबा कुठवर आला?

कृष्णाकाठची · ९ फेब्रुवारी

डबा एकोणीस.

कृष्णाबाईचा उत्सव चालू आहे. वाईकर नसलेल्यांसाठी: इथे कृष्णेला नदी म्हणत नाहीत, कृष्णाबाई म्हणतात. सात घाट आहेत, एकेका घाटाचा उत्सव आळीपाळीने होतो, तेवढे दिवस देवी त्या घाटावर. आमच्या गणपती आळीच्या उत्सवात पंगतीत वाढायला आईने त्याच्या आईला बोलावलं. दोघी मिळून मठ्ठा वाढत होत्या आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

मोडायचं ठरवलं होतं ते 'उत्सव झाला की बघू' वर गेलंय. त्याआधी 'संक्रांत झाली की' होतं.

खडूस_पुणेकर · ९ फेब्रुवारी

ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत बघितलीय का कोणी नीट? १७६२ साली रास्त्यांनी बांधलं, भिंत मत्स्याकार ठेवली, पुराचं पाणी आदळलं की दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. तुमचं नाटक तशी भिंत होती. स्थळांचा पूर अडवायला बांधली होती. आता पूर ओसरलाय आणि तुम्ही दोघं भिंतीच्या आत काय करताय, हा प्रश्न आहे. (मी पुणेकर असलो तरी आजोळ वाईचं. उगाच खडूस नाही.)

बोरिवली_स्लो · ९ फेब्रुवारी

खडूस पुणेकर चक्क कवी निघाले.

कृष्णाकाठची · १२ मार्च

मोठी पोस्ट आहे.

त्याचं मूळ गाव बावधन. रंगपंचमीला तिथे भैरवनाथाचं बगाड असतं. होळीच्या दिवशी देवाला कौल लावून बगाड्या ठरतो. रंगपंचमीला त्याला लाकडी गाड्यावरच्या शिडावर, म्हणजे लांब वाशावर, उंच टांगतात आणि सोनेश्वरापासून गावापर्यंत ते भलंमोठं बगाड बैलं ओढत नेतात. शेतांतून, मधल्या वाटेने. इतक्या जवळ राहून मी कधी गेले नव्हते. यंदा त्याच्या आईने 'सून' न म्हणता, पण म्हटल्यासारखंच बोलावलं.

ऊन मरणाचं. धुरळा, गुलाल, बैलांच्या मागे पळणारी माणसं. बगाड थांबलं की बैलजोड्या बदलायच्या, की पुन्हा आरोळी. एका बांधावरून उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. ढेकळांत अनवाणी दोन पावलं टाकली आणि कळलं की जमणार नाही. त्याने स्वतःच्या चपला काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि पुढे चालायला लागला. एक शब्द बोलला नाही. त्या मला तीन बोटं मोठ्या होत्या. गावापर्यंत फटक फटक करत गेले.

मला जे सांगायचंय ते हे. गेले पाच महिने आम्ही जे काही केलं ते कोणीतरी बघत होतं म्हणून केलं. उसाचा रससुद्धा. त्या दिवशी एवढी माणसं होती आणि एकही आमच्याकडे बघत नव्हता. सगळ्यांच्या माना वर, शिडाकडे. मी आजूबाजूला बघितलं, खरंच बघितलं, की हा कोणाला दाखवायला चपला काढतोय. त्याची आईसुद्धा वरच बघत होती.

संध्याकाळी त्याच्या तळपायाला फोड आले होते. मी म्हटलं, मुदत वाढवायची का? तो म्हणाला, "किती दिवसांसाठी?"

यावर मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. घरी सांगितलंय. म्हणजे घरी सांगण्यासारखं काही नव्हतंच, त्यांना ऑक्टोबरपासूनच माहीत आहे. फक्त आम्हाला नव्हतं.

अबोली_७४ · १२ मार्च

डोळे भरून आले. एवढंच.

माढ्याचा_शेतकरी · १२ मार्च

एक नंबर. त्या भावाला रामराम सांगा. पायाला हळद लावायला सांगा.

एडिसनची_मावशी · १२ मार्च

आत्याचं काय झालं?

कृष्णाकाठची · १३ मार्च

आत्या परत आली, भांडायला. 'आपल्या घराण्यात असं कधी झालं नाही' सुरू झालं. आजी ८१ वर्षांची, कोपऱ्यात वाती वळत होती. ती म्हणाली, "तुझ्या घराण्याचं राहू दे. याच वाईच्या लक्ष्मणशास्त्र्यांनी १९३३ साली पुण्याला पर्णकुटीत गांधींच्या देवदासचं लग्न लावलं. मुलगा वाणी, मुलगी राजाजींची, ब्राह्मण. पाच वर्षं थांबवलं होतं त्या दोघांना. तर्कतीर्थांना चाललं, तुला चालत नाही होय?" आमच्याकडे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्र्यांनी संपादित केलेल्या विश्वकोशाचे खंड देवघरासारखे मांडलेले असतात, त्यामुळे तर्कतीर्थांच्या नावापुढे बाबांचंही काही चालत नाही. आत्या म्हणाली, ती मोठी माणसं. आजी म्हणाली, मग आपण कधी व्हायचं?

आत्याने आता साड्यांची यादी करायला घेतलीय.

वकीलीणबाई · १३ मार्च

अभिनंदन. थोडी कामाची माहिती, कारण लोक यात फार गोंधळतात. दोघेही हिंदू असाल तर आंतरजातीय लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली नेहमीच्या विधींनी होतं आणि नंतर नोंदणी करता येते. तीस दिवसांची नोटीस लागते ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने केलं तर. ती कार्यालयात फळ्यावर लागते आणि लहान गावात तो फळा वर्तमानपत्रापेक्षा जास्त वाचला जातो. तुमच्या बाबतीत वाचण्यासारखं काही उरलेलं दिसत नाही म्हणा. दोघांपैकी एक जण मागासवर्गीय असेल तर आंतरजातीय विवाहाला शासनाचं अर्थसाहाय्य मिळतं, समाजकल्याणकडे चौकशी करा. आणि घाई करा. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मेपासून महिनाभर भटजी हलणार नाहीत.

सावजी_रस्सा · १३ मार्च

म्हणून तर प्रेसवाल्याले सध्या लई काम असन. स्वतःची पत्रिका कधी छापते बिचारा?

कृष्णाकाठची · १५ मार्च

अगदी तेच झालंय. अधिक महिन्याच्या आधी सगळे मुहूर्त उरकायचे म्हणून गावभरच्या पत्रिका त्याच्याकडे आहेत आणि आमची शेवटी. रात्री अकरानंतर आमची वेळ.

आता एक खरोखरचा प्रश्न. पत्रिकेच्या डोक्यावर काय छापायचं? त्यांचा भैरवनाथ. आमची कुलस्वामिनी कोकणातली. त्याचे चुलते म्हणतात भैरवनाथ आधी, कारण पत्रिका वराकडची. आत्या म्हणते स्त्रीदैवत आधी. शिवाय 'प्रेषक' मध्ये त्यांच्याकडची सतरा नावं आहेत, त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही, त्यामुळे ती एका ओळीत नकोत. 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' कोणत्या भाचरांच्या नावाने, यावर वेगळी बैठक झाली.

एडिसनची_मावशी · १५ मार्च

दोन्ही दैवतं समोरासमोर, डावी-उजवी. आधी-नंतरचा प्रश्नच नको.

खडूस_पुणेकर · १५ मार्च

डावीकडून वाचतात, मावशी. डावीकडचं आधीच झालं. मध्ये ढोल्या गणपती घाला, एवढा मोठा आहे की बाजूला कोण आहे दिसणार नाही.

कृष्णाकाठची · १५ मार्च

गणपती दोन्हीकडे पास झाला!

ऱ्हस्वदीर्घ · १६ मार्च

इतके दिवस विषयावर लिहिलं नाही, आज लिहितो. अभिनंदन. मजकूर छापायच्या आधी इथे टाकलात तर तपासून देईन. निदान एवढं बघा: 'चि.सौ.कां.' मध्ये कां वर अनुस्वार, 'स्नेहांकित' एकत्र, आणि 'आशीर्वाद' दीर्घ. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण ते प्रेसवाले तुमचे आहेत म्हणून सांगतो.

बोरिवली_स्लो · २९ मार्च

छापल्या का पत्रिका? इथे निमंत्रण कधी?

कृष्णाकाठची · २ एप्रिल

छापून झाल्या, तीनशे. काल रात्री दोघांनी बसून घड्या घातल्या. पहिली ढोल्या गणपतीला ठेवून आलो, दुसरी बावधनला.

ऱ्हस्वदीर्घ, माफ करा. 'आशिर्वाद' ऱ्हस्वच आहे. प्रूफ मीच वाचलं होतं.